डाव्या बाजूला बढती

आपल्या अंगातल्या पाच लिटर रक्तात एका वेळी साखर असते तरी किती? जेमतेम ५ ग्रॅम. चहाचा एक चमचा! हे कळल्यापासून मी भेटेल त्याला सांगत सुटले आहे, लिफ्टमध्ये, भाजीवालीपाशी, लग्नाच्या पंगतीत. कारण त्यापुढचा हिशेब मांडून बघा. पोह्यांची एक भरलेली बशी म्हणजे ६०-६५ ग्रॅम कोरडे पोहे. त्यात कर्बोदकं जवळजवळ ५० ग्रॅम, आणि पचली की बहुतेक सगळ्यांची साखरच होते. रक्तात असतो एक चमचा, आणि न्याहारीनंतर त्यात येऊन पडतात दहा-बारा चमचे! मग स्वादुपिंडाने इन्शुलिन सोडायचं, त्या इन्शुलिनने ही साखर स्नायूंत आणि यकृतात नेऊन भरायची, आणि तिथली कोठारं भरली की उरलेल्याची चरबी करायची. हे रोज, दिवसातून तीनदा. मधले चहा-बिस्किटांचे फेरे वेगळेच.

माझ्यापर्यंत ही गोष्ट पोचली ती रक्ताच्या एका तपासणीमुळे. एचबीएवनसी ६.१ आली. मधुमेह ६.५ पासून धरतात, आणि ५.७ ते ६.४ हा त्याचा उंबरठा. डॉक्टरांनी गोळी लिहिली नाही. त्यांनी कागदावर एक गोल काढला, त्याचे भाग पाडले आणि म्हणाले, "तीन महिने असं जेवून बघा, मग बोलू." तीन महिने कशासाठी, तर ही तपासणी रक्तातल्या तांबड्या पेशींना चिकटलेली साखर मोजते, आणि त्या पेशींचं आयुष्य साधारण तेवढंच असतं. शिवाय त्यांनी दंडावर चिकटवायचा एक सेन्सर सुचवला. नाण्याएवढा असतो, १४ दिवस चालतो, त्याच्याजवळ फोन नेला की साखरेचा आकडा आणि दिवसभराचा आलेख समोर!

त्या आलेखाने मला वेड लावलं. पोहे खाल्ले, रेघ चढत चढत १८७ वर गेली आणि अकराच्या सुमारास धाडकन खाली आली. नेमकी त्याच वेळी मला रोज कडकडून भूक लागायची! दुसऱ्या दिवशी दोन अंड्यांची भुर्जी आणि वाटीभर मेथीची भाजी खाल्ली. रेघ ११२ वर गेली आणि तिथूनच शांतपणे उतरली, आणि दीड वाजेपर्यंत मला जेवणाची आठवणसुद्धा झाली नाही. मी ऑफिसमध्ये सगळ्यांना तो फोन दाखवत फिरले. एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाल्ली आणि आकडा २०० च्या पार गेला. जाणारच! साबुदाणा म्हणजे टॅपिओका कंदाचा जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्यावर बटाटा, वर रताळ्याचा कीस, वरीचे तांदूळ. एकादशी दुप्पट खाशी म्हणतात ते साखरेच्या बाबतीत अगदी शब्दशः खरं आहे. आता माझा उपास दही, भाजलेले शेंगदाणे, ओलं खोबरं, काकडी आणि ताक यांवर होतो, आणि इतका हलका उपास मी आयुष्यात केला नव्हता.

सर्वांत मोठं आश्चर्य मात्र भाकरीचं. ज्वारीची भाकरी म्हणजे औषधच, अशी आपल्याकडे सर्वांची श्रद्धा असते. तिच्यात तंतू आहेत, खनिजं आहेत, मैद्याच्या पावापेक्षा ती शंभर पटींनी बरी. पण ज्वारीच्या पिठातही दोन-तृतीयांश कर्बोदकंच असतात, आणि दोन भाकऱ्यांनंतर माझा आलेख चढला तो पोळीपेक्षा थोडा सावकाश, एवढंच. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या इंडियाब पाहणीचे आहाराबद्दलचे निष्कर्ष २०२५ साली 'नेचर मेडिसिन'मध्ये आले. ते वाचताना मी खुर्चीतून उठून उभी राहिले. आपण भारतीय रोजच्या ऊर्जेपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून घेतो. आणि त्यांत पांढऱ्या धान्याच्या जागी नुसतं गव्हाचं किंवा भरडधान्यांचं पीठ आणून, एकूण कर्बोदकं तेवढीच ठेवली, तर मधुमेहाची जोखीम कमी झालेली दिसत नाही. ती कमी दिसते ती कर्बोदकांचा थोडा वाटा काढून तिथे डाळी-कडधान्यांतली किंवा दूधदुभत्यातली प्रथिनं आली की. पांढऱ्याच्या जागी तपकिरी आणून भागत नाही. प्रमाणच बदलायला हवं.

आणि इथे मला ते सापडलं, ज्यासाठी हा सगळा लेख लिहायला बसले आहे. आपलं पान कसं वाढतात ते डोळ्यांसमोर आणा. वर मधोमध मीठ. डावीकडे लिंबू, चटण्या, कोशिंबिरी. उजवीकडे भाज्या, उसळ, आमटी. आणि मध्यभागी भाताची मूद, पोळ्या, पुऱ्या. कमी कर्बोदकांचा आहार म्हणून जो जगभर शिकवतात, तो आपल्या पानाच्या दोन्ही कडांना आधीपासून वाढलेला आहे! आपण फक्त त्याला चमच्याने वाढतो आणि मधल्या भागाला डावाने. मी ते उलटं केलं. कोशिंबीर वाटीभर, भाजी दोन वाट्या, उसळ किंवा मासा किंवा पनीर भरपूर, आणि भात दोन घास किंवा अर्धी भाकरी, तीही शेवटी. एवढाच बदल. परदेशी पावडर नाही, बदामाच्या पिठाचे महागडे ब्रेड नाहीत, ॲव्होकाडो नाही. स्वयंपाकघरात एकही नवा डबा आला नाही!

शेवटी का, तर त्यालाही कारण आहे. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेलमधल्या डॉक्टरांनी २०१५ साली मधुमेहाच्या काही रुग्णांना एकच जेवण दोन क्रमांनी दिलं. भाज्या आणि प्रथिनं आधी, कर्बोदकं नंतर खाल्ली तेव्हा साखर बरीच कमी चढली. पदार्थ तेच, प्रमाण तेच, फक्त क्रम वेगळा. आपल्याकडे जेवण सुरू होतं वरणभाताने. मी आता सुरुवात काकडीने करते.

खमंग काकडी! चोचवलेली काकडी, दाण्याचं कूट, ओलं खोबरं, लिंबू, वर तुपाची हिंग-मिरचीची फोडणी. हा पदार्थ मी जन्मभर कडेला दोन चमचे म्हणून खाल्ला, आता मोठा वाडगाभर खाते आणि दर वेळी नव्याने खूश होते. मुळ्याची कोशिंबीर, कोबीची पचडी, दह्यातलं दुधी भोपळ्याचं भरीत. कारळाची, जवसाची, तिळाची चटणी, त्यावर कच्चं तेल. मूगडाळ घातलेला शेपू, ताकातला चाकवत, अंबाडी, तांदळी, लाल माठ, पडवळ, दोडका, गवार. मंडईत ज्यांच्याकडे वळूनही पाहत नव्हते त्या भाज्यांची नावं मी आता पाठ म्हणते. आणि महाराष्ट्रात कुठेही जा, काहीतरी मिळतंच. जळगावकडचं हिवाळ्यातलं वांग्याचं भरीत नुसतं वाटीने खाऊन बघा. कोल्हापुरात गेलात तर पांढरा रस्सा आणि सुकं मटण, भाकरी चतकोर. मालवणात हळद, तिखट आणि आगळ लावलेला बांगडा, रव्याशिवाय तव्यावर परतलेला, आणि वर सोलकढी. नारळाचं दूध, आमसूल, लसूण, मिरची, बस! साखरेचा कणही नसलेलं इतकं सुंदर पेय आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहे आणि आपण तहान लागली की कोल्ड्रिंक उघडतो.

सासूबाई पहिल्या आठवड्यात रोज म्हणायच्या, "अगं, पोळीशिवाय पोट कसं भरेल?" भरतं, सासूबाई, आणि भरलेलं राहतं! दुपारी तीनची ती गुंगी गेली. चारचा वडापाव सुटला, आणि तो सोडताना मनाला जराही पीळ पडला नाही. रात्री झोप गाढ लागायला लागली. कमरेचा घेर उतरला. तीन महिन्यांनी एचबीएवनसी ५.६ आली आणि डॉक्टरांनी कागदावरचा तो गोल परत काढून त्यावर बरोबरची खूण केली. आता सासूबाईही भात शेवटी घेतात.

"पण मी तर बारीक आहे, मला काय त्याचं?" असं म्हणणाऱ्यांसाठी पुण्याचीच गोष्ट आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के! आपण वजनकाट्यावर सडपातळ दिसतो आणि आतून स्थूल असतो. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांत वर्षानुवर्षं काम करून दाखवलं की हे जन्मापासूनच सुरू होतं. आपली बाळं वजनाला कमी असतात, पण त्यांच्यात स्नायूंच्या मानाने चरबी जास्त असते. ज्या शरीरात स्नायूंची कोठारं मुळात लहान, त्या शरीरावर आपण दिवसाला तीनदा धान्याचे ढीग ओततो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या इंडियाबच्या आकड्यांनुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून जास्त लोक उंबरठ्यावर उभे आहेत. मी उभी होते तसे.

कर्बोदकं कमी करणं हे काही आजचं खूळ नाही, हेही मला वाचता वाचता कळलं. लंडनमधले विल्यम बँटिंग हे मोठमोठ्या लोकांच्या अंत्यविधीची व्यवस्था पाहणारे गृहस्थ. इतके लठ्ठ की वाकून बुटाची नाडी बांधता येत नव्हती आणि जिना उतरावा लागे तो पाठमोरं होऊन. १८६२ साली विल्यम हार्वी नावाच्या डॉक्टरांनी त्यांचा पाव, साखर, बिअर आणि बटाटे बंद केले. वजन उतरलं, आणि बँटिंग इतके हरखले की १८६३ साली त्यांनी स्वतःच्या खर्चाने पुस्तिका छापून वाटली. ८१ वर्षं जगले. त्यांचा तो उत्साह मला आतून समजतो!

आता जे मनापासून करायचं ते नीट माहिती घेऊन करावं. मी किटो आहारावर नाही. त्यात दिवसाला २०-५० ग्रॅमच कर्बोदकं असतात. मी १०० ते १३० ग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे डाळी, उसळी, दही, पेरू, पपई सगळं बसतं, आणि गणपतीत तूप घातलेला एक मोदकही. पहिल्या आठवड्यात डोकं दुखतं, कारण इन्शुलिन उतरलं की मूत्रपिंडं मीठ आणि पाणी बाहेर टाकतात. मला मीठ घातलेल्या ताकाने बरं वाटलं. त्या आठवड्यात काट्यावर जे वजन उतरतं ते बरंचसं पाण्याचं असतं. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने २०२१ साली मधुमेहाच्या रुग्णांवरच्या २३ चाचण्यांचा एकत्र आढावा छापला. सहा महिन्यांनी कमी कर्बोदकं खाणाऱ्यांपैकी ५७ टक्क्यांची एचबीएवनसी ६.५ च्या खाली आली होती, इतर आहारांवर ३१ टक्क्यांची. वर्षभराने हा फरक ओसरला. मला त्यातून एकच दिसतं: हा तीन महिन्यांचा कोर्स नाही, हे रोजचं जेवण व्हायला हवं. म्हणून तर ते आपल्याच चवीचं हवं!

खर्चाचंही खरं बोलायला हवं. रेशनवर माणशी महिन्याला ५ किलो मिळतं ते धान्यच, अंडी आणि पनीर नाही. धान्य स्वस्त म्हणून ताट धान्याने भरतं. पण शेंगदाणे, मोड आलेली मटकी, हरभरा, मोसमातल्या पालेभाज्या आणि अंडी एवढ्यातही बरंच साधतं. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत २५ ग्रॅम प्रथिनं असतात. इतकं मोठं धन आपण चिवड्यात टाकून विसरतो.

इन्शुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर मात्र आधी डॉक्टरांशी बोला. खाणं बदललं आणि गोळी तेवढीच राहिली तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते, आणि काही गोळ्यांबरोबर कर्बोदकं फार कमी केली तर वेगळाच धोका असतो. मूत्रपिंडाचा त्रास असेल, बाळाची चाहूल असेल, तरी विचारूनच. कोलेस्टेरॉलही मधूनमधून तपासून घ्या. बाकी सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: उद्या दुपारी पान वाढाल तेव्हा कोशिंबीर वाटीने घ्या, भाजी दुप्पट घ्या, भात शेवटी आणि दोनच घास घ्या. पंधरा दिवस एवढंच करा, आणि मग मला कळवा.