बॉयलर चालू होता

कोल्हापूरकडच्या एका साखर कारखान्यात मी उमेदीची वर्षं बॉयलरवर काढली. त्यामुळे मॅसॅच्युसेट्समध्ये घर घेतलं आणि तळघरात गॅसवर चालणारा तो इवलासा बॉयलर पाहिला तेव्हा मला हसूच आलं. यात वाफ नाही. पाणी साधारण 80 अंश सेल्सिअसपर्यंत तापतं, पंप ते तांब्याच्या पाइपांतून खोल्याखोल्यांच्या बेसबोर्डांत फिरवतो आणि निवलेलं पाणी परत खाली येतं. दाब 12 ते 15 पीएसआय. 30 ला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो. कारखान्यात आम्ही दोनच गोष्टींना टरकून असायचो, पाणी कमी पडणं आणि दाब चढणं. पाणी गोठेल ही धास्ती आम्हाला कुणी शिकवलीच नव्हती. कोल्हापुरात ती शिकवणार तरी कोण?

पहिला घोळ पंपाचा. जुना पंप गेला, नवा मीच बसवला आणि जुना जिथे होता तिथेच, म्हणजे परतीच्या पाइपवर, एक्स्पान्शन टँककडे तोंड करून. बंद फेऱ्यात एक्स्पान्शन टँक जिथे जोडलेला असतो तिथला दाब पंप सुरू झाला तरी बदलत नाही. पंप टँकच्या दिशेने ढकलत असला तर मागच्या बाजूचा दाब पडतो, आणि वरच्या मजल्यावर तो मुळातच कमी असल्याने पाण्यात विरघळलेली हवा सुटू लागते. पंप टँकच्या पुढे, जाणाऱ्या पाइपवर हवा. डॅन होलोहान यांनी ‘पंपिंग अवे’ नावाचं अख्खं पुस्तक याच गोष्टीवर लिहिलंय. मी ते वाचलं, पण पंप बसवून झाल्यावर. तेव्हापासून आमच्या बेसबोर्डांत सदैव गुडगुड चालायची. मी हवा काढायचो, चार दिवस बरे जायचे, पुन्हा गुडगुड. यातून मला एक घातक सवय लागली: खोली गार पडली की हवा अडकली असणार, असं समजून मोकळं व्हायचं.

दुसरा घोळ काटकसरीचा. गॅरेजच्या वर एक खोली आहे. मुलगा कॉलेजला गेल्यावर ती रिकामी पडली, म्हणून मी तिचा थर्मोस्टॅट 50 फॅरेनहाइटवर, म्हणजे 10 अंश सेल्सिअसवर आणून ठेवला. त्या खोलीचा झोन वेगळा. थर्मोस्टॅटने मागणी केली तरच झोन व्हॉल्व्ह उघडतो आणि गरम पाणी तिकडे जातं. पण थर्मोस्टॅट होता आतल्या भिंतीवर, उबदार बोळाला पाठ लावून. त्याच्या लेखी खोलीत सगळं आलबेल. पाइप मात्र खाली गॅरेजच्या छतातून, बाहेरच्या भिंतीला चिकटून गेलेला.

त्यावर कळस मी स्वतः चढवला. पाइपला ऊब राहावी म्हणून छताच्या फळ्या काढून फायबरग्लासचं इन्सुलेशन भरलं. पाइपच्या खाली भरायचं ते वर भरलं, म्हणजे खोलीच्या उबदार जमिनीच्या आणि पाइपच्या मधोमध. वरून झिरपणारी जी थोडीफार ऊब त्या पाइपला मिळत होती, तीही तोडली. इन्सुलेशन उष्णता निर्माण करत नाही, फक्त अडवतं, हे मी कारखान्यात पोरांना शिकवत असे!

3 फेब्रुवारी 2023 च्या रात्री वारा सुटला. 4 तारखेला सकाळी बोस्टनला उणे 10 फॅरेनहाइट, म्हणजे उणे 23 सेल्सिअसची नोंद झाली. आमचा बॉयलर रात्रभर धडधडत होता आणि मी निर्धास्त झोपलो होतो. सकाळी सहज त्या खोलीत गेलो तर बेसबोर्ड बर्फासारखा. थर्मोस्टॅट वाढवला. झोन व्हॉल्व्ह उघडला, पंप फिरला, पाइप गार तो गारच. निदान तयार होतं: हवा. फिल व्हॉल्व्ह जोरात उघडून दाब 25 च्या वर नेला आणि दुपारपर्यंत हवा काढत बसलो. हवा नव्हतीच. पाइपमध्ये दोन ठिकाणी बर्फाची बुचं बसली होती.

गोठताना पाणी आकारमानाने सुमारे 9 टक्के वाढतं. पाइप बर्फाच्या जागीच फुटतो असं नाही. बर्फ पुढे सरकतो तसं दोन बुचांमधलं, किंवा बूच आणि बंद व्हॉल्व्ह यांमधलं, कोंडलेलं पाणी दाबलं जातं आणि जिथे कमजोर जागा तिथे तांबं उसवतं. आमच्याकडे एल्बोजवळ बोटभर लांबीची चीर पडली होती, कडा बाहेर वळलेल्या, माशाने तोंड उघडावं तशी. बर्फ होता तोवर थेंबही गळला नाही. रविवारी हवा एकदम उबदार झाली आणि गॅरेजचं छत खाली आलं. संपूर्ण फेऱ्यात पाणी असतं किती? काही बादल्या. पण ऑटो फिल व्हॉल्व्ह दाब पडला की नळाचं पाणी आत सोडतच राहतो. त्याने आपलं काम चोख केलं.

“अहो, पण बॉयलर तर रात्रभर चालू होता ना?” बायकोने विचारलं. होता. बाकीच्या झोनसाठी.

प्लंबरने पाइप जोडून दिला. इथे तरी शहाणपणा यावा! अँटीफ्रीझ मीच भरलं. गाडीचं भरायचं नाही एवढं कळत होतं: ते बहुधा इथिलीन ग्लायकोल, विषारी, आणि त्यातली सिलिकेट बॉयलरच्या आतल्या पृष्ठभागावर साचतात. हीटिंगसाठी मिळणारं, गंजरोधक घातलेलं प्रॉपिलीन ग्लायकोल 30 टक्क्यांच्या आसपास भरलं. हे मिश्रण उणे 13 सेल्सिअसच्या सुमारास गोठू लागतं, पण घट्ट बर्फ न होता लगदा होतो, म्हणून त्याहून कडक थंडीतही पाइप सहसा फुटत नाही. इथवर ठीक. ऑटो फिल मात्र तसाच उघडा ठेवला. एका व्हॉल्व्हच्या दांड्यातून बारीक गळती होती. ग्लायकोल थेंबथेंब बाहेर, नळाचं पाणी आत, दाबाचा काटा जागचा हलत नाही. पुढच्या हिवाळ्याआधी प्लंबरने रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब टाकून पाहिला आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. मिश्रण निम्म्याहून पातळ झालं होतं. इतक्या पातळ ग्लायकोलमध्ये गंजरोधकही पुरेसा उरत नाही आणि जिवाणू वाढतात. म्हणजे साधं पाणी परवडलं.

आता पंप टँकच्या पुढे आहे. इन्सुलेशन पाइपच्या खाली आहे. फिल व्हॉल्व्ह बंद असतो; दाब पडला तर गळती शोधायची, पाणी सोडायचं नाही. दर ऑक्टोबरला ग्लायकोलचं प्रमाण आणि पीएच तपासतो. रिकाम्या खोलीचा थर्मोस्टॅट 62 च्या खाली जात नाही, आणि कडाक्याच्या रात्री मी तो मुद्दाम वाढवतो, पाणी फिरतं राहावं म्हणून.

आपल्यापैकी पुष्कळ जण डिसेंबर-जानेवारीत घर बंद करून महिनाभर भारतात जातात. जाण्याआधी आपले पाइप गॅरेजवरून, पोटमाळ्यातून की बाहेरच्या भिंतीतून जातात ते पाहून घ्या. थर्मोस्टॅट 55 फॅरेनहाइटच्या खाली नेऊ नका. आणि किल्ली शेजाऱ्याकडे द्या, कारण वीज गेली तर गॅस असूनही बॉयलर बंद पडतो.