पेजेभोवतीच्या लहान बश्या

बँकॉकला निघालेल्या ज्येष्ठांच्या सामानात मेतकूट, लाडू आणि खाकऱ्यांची पाकिटे हमखास असतात. तिथले तिखट आणि आंबट आईबाबांना सोसणार नाही, ही मुलांची काळजी रास्तच आहे. पण त्या काळजीपोटी उतारवयाला मानवणारे तिथले एक जेवण मात्र पाहायचे राहून जाते. त्याचे नाव खाओ तोम. खाओ म्हणजे तांदूळ, तोम म्हणजे उकळणे, थोडक्यात, पेज.

चीनमधून येऊन स्थायिक झालेल्या तेओच्यू लोकांबरोबर ही रीत थायलंडमध्ये रुजली. खाओ तोमची दुकाने वस्तीतल्या गल्ल्यांमध्ये असतात आणि बरीचशी दिवेलागणीनंतरच गजबजतात. प्रत्येकापुढे बिनमिठाच्या पातळ पेजेची वाटी येते आणि मधोमध लहान लहान बश्या मांडल्या जातात. खारवलेल्या अंड्याची लिंबू पिळलेली कोशिंबीर, खारवलेल्या मुळ्याचे ऑम्लेट, मोहरीच्या पाल्याचे लोणचे, खारी मासळी आणि मोठ्या आचेवर क्षणात परतलेली फाक बुंग. ही फाक बुंग म्हणजे आपल्याकडे पाणथळीत उगवणारी नाळीची भाजी.

माझ्या सासूबाई मूळच्या मालवणकडच्या, वय ८१. त्यांनी वाटीत डोकावून पाहिले आणि म्हणाल्या, "अगो, ही तर आपलीच पेज!" मग त्यांनी आपणहून अंड्याची बशी जवळ ओढली. गेल्या वर्षभरात त्यांचे वजन ५४ किलोंवरून ५० वर आले होते. तपासण्यांत काही सापडले नव्हते. भरलेले ताट समोर आले की त्यांची इच्छाच मरत असे.

प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत वजन पाच टक्क्यांहून अधिक घटले, तर ती डॉक्टरांना दाखवण्याची गोष्ट आहे, हे कृपया लक्षात ठेवा. साठ किलोंच्या माणसात ती घट अवघी तीन किलोंची असते आणि सैल झालेल्या कपड्यांखेरीज तिची दुसरी खूण दिसत नाही. वयानुसार वास आणि चव मंदावते, पोट लवकर भरते, कवळी टोचते, काही औषधांनी तोंड कोरडे पडते. त्यात एकट्याने जेवायचे असेल तर पाहायलाच नको. घरोघरी साखरेची आणि कोलेस्टेरॉलची जितकी धास्ती घेतली जाते, तितकी या झिजण्याची घेतली जात नाही, असे माझे मत आहे.

लहान बश्यांचे जेवण नेमके इथे उपयोगी पडते. घासाघासाला चव पालटते, संपवलेच पाहिजे असे दडपण नसते आणि सारे एकाच बशीतून, मधल्या सामायिक चमच्याने वाढून घेतात. शेजारच्या टेबलावर एक वृद्धा बसल्या होत्या. त्यांची मुलगी खाऱ्या मासळीची बशी उचलून दूर ठेवत नव्हती. नखाएवढा तुकडा मोडून आईच्या पेजेवर ठेवत होती आणि पुढचा घास ऑम्लेटचा देत होती. आपल्याकडे काळजी घेणाऱ्यांचा हात बहुधा बशी काढून घेण्यासाठीच पुढे होतो.

मीठ मात्र या टेबलावर लपून बसलेले असते. पेज अळणी लागते म्हणून जेवण हलके वाटते, पण खारेपणाचा सारा भार बश्यांवर असतो. नाम प्ला, म्हणजे माशांच्या अर्काचा पातळ सॉस, मोठा चमचाभर घेतला तर त्यात सुमारे १४०० मिलिग्रॅम सोडियम असते. मिठाच्या हिशेबात साडेतीन ग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसभरात पाच ग्रॅमहून कमी मीठ सुचवते. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांसाठी खारवलेली एकच बशी मागवावी, उरलेल्या भाजीच्या आणि अंड्याच्या असाव्यात. "माय साय नाम प्ला" म्हटले की भाजी त्या सॉसविना मिळते. "माय फेत" म्हणजे तिखट नको. शाकाहारींनी पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत "जे" लिहिलेली दुकाने शोधावीत; तिथे मांस, मासे नसतात, कांदा-लसूणही नसतो.

पक्षाघात किंवा पार्किन्सनमुळे गिळताना ठसका लागत असेल, तर मात्र खाओ तोम टाळा. पातळ पाणी आणि सुटी शिते एकाच घासात सांभाळणे अशा रुग्णाला फार कठीण जाते. पाणी शितांच्या आधी घशात उतरते आणि श्वासनलिकेत जाऊ शकते. जेवताना खोकला येणे किंवा जेवणानंतर आवाज ओला, घरघरता होणे ही त्याची लक्षणे. त्यांच्यासाठी सकाळी मिळणारा जोक बहुधा सोयीचा. त्यात तांदूळ पूर्ण विरघळेपर्यंत शिजवतात आणि तो दाट, एकजीव असतो. वरचे आले आणि मांसाचे गोळे काढून द्यायला सांगावे, आणि पहिला चमचा आपण स्वतः चाखून पाहावा.

मधुमेहींनी आधी अंडे आणि भाजी खावी, पेज मागून आणि थोडी. इथे बश्या शिजतील तशा येतात. सगळे एकदम येईल असे धरून चालू नका. जेवणाआधीचे इन्सुलिन घेणाऱ्यांनी पेजेची वाटी प्रत्यक्ष समोर आल्याशिवाय सुई टोचून घेऊ नये. आणि घड्याळाकडे लक्ष असू द्या: बँकॉक आपल्यापुढे दीड तास आहे, तेव्हा घरी साडेआठला घ्यायच्या गोळीची वेळ तिथे रात्री दहाला होते.