आवाज येतोय का?

ऑफिसात दिवसाला चार ऑनलाइन मीटिंग्ज, आणि प्रत्येकीचा श्रीगणेशा एकाच वाक्यानं होतो, 'आवाज येतोय का?' इतकी सवय असूनही नेमकं जिथं विचारायला हवं होतं, तिथं मी ते विचारलं नाही.

आजी ८४ वर्षांची. वाईजवळच्या आमच्या गावात जातं अजून आहे, पण दळण केव्हाच गिरणीत जायला लागलं. ओव्या मात्र तिला पाठ. त्या रेकॉर्ड करायच्याच म्हणून मी सेकंडहँड व्हिडिओ कॅमेरा घेतला. 'अरे, मोबाइल आहे की!' सगळे म्हणाले. पण मला 'प्रॉपर' करायचं होतं ना!

गल्लीतले लग्नाचं शूटिंग करणारे काका गुरू झाले. दोन रविवार त्यांनी मला नुसतं 'ऑटो' मोडमधून बाहेर काढण्यात घालवले. आधी ट्रायपॉडचे पाय. पाण्यातला बुडबुडा गोलाच्या मधोमध आला की मगच कॅमेरा चढवायचा. जिथं शूट करणार, त्याच उजेडात पांढरा कागद धरून व्हाइट बॅलन्स करायचा, नाहीतर माणूस एकतर निळा दिसतो किंवा पिवळा. फोकससाठी थेट डोळ्यावर झूम करायचं, शार्प करायचं आणि मग मागे यायचं. शटर १/५०, कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. भलतंच ठेवलं तर ट्यूबलाइट लुकलुकते.

"आणि हेडफोन लाव रे बाबा," जाता जाता काका म्हणाले. मी मान डोलावली. हेडफोन पुण्यातच राहिला.

गावी आजी ठेवणीतलं नऊवारी नेसून जात्याशी बसली. मी पदराला कॉलर माइक लावला. तिनं खुंटा धरला आणि सुरू झाली. २२ मिनिटं! मधेच आजोबांचं नाव आलं, तशी थांबली. डोळे पुसले. पुन्हा खुंटा फिरवला. आणि मी काय बघत होतो? तर फ्रेम सरळ आहे ना!

रात्री लावून पाहिलं. चित्र झक्कास. आवाज शून्य.

कॉलर माइकला स्वतःचा एक बारीकसा स्विच होता, तो ऑफ. आणि बाहेरचा माइक जोडला की कॅमेऱ्याचा आतला माइक बंद होतो. आवाजाच्या पट्ट्या स्क्रीनवर २२ मिनिटं ढिम्म उभ्या होत्या, माझ्या नाकासमोर. झोप कसली येतेय!

सकाळी आजीला म्हटलं, परत म्हणशील का? "आरं, मागून येतं व्हय ते? हात फिराय लागला की आपसूक येतं." तरी बसली बिचारी. पाच-सहा ओव्या झाल्या आणि खांदा दुखायला लागला.

दुपारी सहज लॅपटॉपवर तो मुका व्हिडिओ दाखवला. ती स्वतःच्या ओठांकडे बघत राहिली, आणि मग हळूच त्यांच्याबरोबर म्हणायला लागली. मी कॅमेऱ्याकडे झेपच घेतली! व्हाइट बॅलन्स गेला खड्ड्यात, फ्रेम वाकडी, मागे दोरीवर टॉवेल. चुलतभावाचे इअरफोन कानात खुपसले, माइकचा स्विच तीनदा तपासला. पट्ट्या नाचत होत्या.

दोन ठिकाणी मात्र तिनं हात वर केला. मागं घे म्हणाली. मी घेतलं. पुन्हा घेतलं. ती स्क्रीनच्या अगदी जवळ गेली.

"काय म्हणतीयास गं बाई?" तिनं तिथल्या आजीलाच विचारलं.