घर पाहावे बांधून

लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून, असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण रचणाऱ्या शहाण्याने लिव्हरपूल पाहिले नसावे. पाहिले असते तर 'आणि फुटबॉलचे मैदान पाहावे बांधून' असा तिसरा चरण त्याने खचित जोडला असता. मर्सी नदीकाठच्या या शहरात एव्हर्टन नावाचा एक जुना फुटबॉल क्लब आहे. १८७८ साली एका मेथडिस्ट चर्चच्या मंडळींनी तो काढला. आपल्याला नवे घर हवे, ही गोष्ट या क्लबाने १९९० नंतरच्या दशकात बोलून दाखविली आणि घरभरणी झाली २०२५ साली! मधल्या जवळजवळ तीस वर्षांत चार जागा पाहून झाल्या, तीन ठिकाणची बोलणी मोडली, नातवंडे कर्ती झाली आणि कित्येक आजोबा नवे घर न पाहताच गेले.

मुंबईकर मराठी माणसाला लिव्हरपूल अगदीच परके नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले होते आणि तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला होता. तेव्हा आपल्या मुंबईहून कापसाचे गठ्ठे याच बंदरात उतरत. लिव्हरपूलचा भाव वधारला की मुंबईत दिवाळी व्हावयाची. त्या पैशाच्या भरात मुंबईत समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या आणि १८६५ साली युद्ध थांबताच धडाधड बुडाल्या. कागदावर इमले चढविणे आणि प्रत्यक्षात चार दगड रचणे यांत केवढे अंतर असते, हा धडा मुंबई त्या वेळी शिकली. लिव्हरपूलच्या फुटबॉलवेड्या माणसाला तो फार पुढे आणि फार सावकाश शिकावा लागला.

एव्हर्टनच्या गोष्टीचे मूळ, आपल्या चाळींतल्या निम्म्या गोष्टींप्रमाणेच, घरमालक आणि भाडेकरू यांच्या भांडणात आहे. १८८४ पासून हा क्लब ॲनफिल्ड या मैदानावर खेळत असे. होय, आज जगभर लिव्हरपूल क्लबाचे म्हणून जे गाजते तेच हे ॲनफिल्ड! जॉन हाउल्डिंग नावाचे एक दारूभट्टीवाले गृहस्थ तिथले मालक. भाड्यावरून वाजले आणि १८९२ साली एव्हर्टनने बिऱ्हाड हलविले. भाडेकरू निघून गेला म्हणजे मालक बाहेर 'जागा देणे आहे' अशी पाटी लावतो. हाउल्डिंगसाहेबांनी तसे न करता चक्क नवा भाडेकरूच जन्माला घातला. तोच आजचा लिव्हरपूल क्लब. दोन्ही मैदानांच्या मध्ये स्टॅन्ली पार्क नावाची बाग आहे. या टोकाहून त्या टोकाला रमतगमत जावयास पाव तासाहून फारसा अधिक वेळ लागत नाही. पण मने जुळावयास सव्वाशे वर्षेही पुरलेली नाहीत.

बाग ओलांडून गुडिसन पार्ककडे निघालो तेव्हा आधी मैदान दिसलेच नाही. दिसल्या त्या एकाला एक चिकटलेल्या लाल विटांच्या घरांच्या ओळी, चिंचोळ्या गल्ल्या, दारात दुधाच्या पिशव्या घेऊन चाललेल्या बाया. आणि मग गल्लीच्या तोंडाशी एकदम, एखाद्या वाड्यात बोट शिरावी तशी, ती प्रचंड निळी वास्तू. एका कोपऱ्यात सेंट ल्यूकचे चर्च प्रेक्षकांच्या दोन सज्जांमध्ये असे काही अंग चोरून उभे आहे की देवालाही सामना फुकट पाहावयास मिळावा.

२४ ऑगस्ट १८९२ रोजी हे मैदान उघडले. खास फुटबॉलसाठी बांधलेल्या जगातल्या पहिल्या काही मैदानांत त्याची गणना होते. १९१३ साली राजे पंचम जॉर्ज आणि राणी मेरी इथे येऊन गेली. १९४८ साली शेजाऱ्यांशी झालेल्या सामन्याला इथे ७८,२९९ माणसे दाटीने उभी होती. १९६६ च्या विश्वचषकात पोर्तुगालच्या युसेबियोने उत्तर कोरियाविरुद्ध चार गोल केले ते इथेच. डिक्सी डीन या खेळाडूने १९२७-२८ च्या एकाच हंगामात साठ लीग गोल केले होते. १९८० साली सामना पाहावयास आला असताना त्याने शेवटचा श्वास घेतला तोही इथेच. एवढेच नव्हे, तर शेकडो सामान्य माणसांच्या अस्थी त्यांच्या घरच्यांनी या हिरवळीच्या कडेला पुरल्या आहेत. अखेर जागा उरली नाही, म्हणून क्लबाला ही प्रथा बंद करावी लागली.

मग असे घर सोडावयाचे तरी कशाला? कारण घर म्हातारे झाले होते. छताच्या खांबांआड बसणाऱ्याला निम्माच खेळ दिसे. गोल झाल्याचे तो शेजाऱ्याच्या चेहऱ्यावरून ओळखी. १९८९ साली शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली आणि लिव्हरपूल क्लबाचे ९७ चाहते प्राणांस मुकले. त्यानंतर मोठ्या क्लबांच्या मैदानांवर सर्वांना बसावयास खुर्ची देणे बंधनकारक झाले. गुडिसनमध्ये पुढे चाळीस हजारही माणसे मावेनात. वाढवावे म्हटले तर चारी बाजूंनी लोकांची घरे आणि कोपऱ्यात देव.

पहिली सोयरीक जुळली ती नदीकाठच्या किंग्ज डॉकशी. पंचावन्न हजार आसनांचे देखणे चित्र छापून आले, लोकांनी ते भिंतीवर लावले. क्लबाने आपल्या वाट्याचे तीन कोटी पौंड उभे करावयाचे होते. ते झाले नाहीत आणि २००३ साली बोलणे मोडले. त्या जागी २००८ पासून गाण्याबजावण्याचे मोठे सभागृह आहे. दुसरी जागा शहराच्या वेशीबाहेर, कर्कबी गावात, एका मोठ्या दुकानदार कंपनीच्या भागीदारीत. २००७ साली चाहत्यांचे मतदान घेतले. शंभरांतल्या सुमारे साठांनी होकार दिला. पण उरलेल्यांनी 'आमचा क्लब आमच्याच शहरात राहू द्या' म्हणून चळवळ उभारली. बापाने एकीकडे मत दिले, लेकाने दुसरीकडे. रविवारच्या जेवणावर अबोला आला. एवढे सारे झाल्यावर २००९ च्या नोव्हेंबरात सरकारनेच परवानगी नाकारली! तिसरी जागा २०१४ ची, वॉल्टन हॉल पार्क. ती बाग आम्हांला हवी, असे तिथल्या रहिवाशांनी ठणकावले आणि २०१६ साली तोही बेत बारगळला.

या क्लबाचे बोधवाक्य लॅटिन आहे. त्याचा भावार्थ असा की, सर्वोत्तमावाचून दुसरे काही पुरेसे नाही. तीन वेळा निराश झालेला चाहता हे वाक्य कोणत्या आवाजात म्हणत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

चौथी जागा ब्रॅम्ली-मूर गोदीची. जेसी हार्टली या थोर अभियंत्याने बांधलेली ही गोदी १८४८ साली खुली झाली; तिथून कोळसा जहाजांवर चढे. २०१७ च्या सुमारास ही जागा ठरली आणि लोकांनी खांदे उडविले. २०२१ च्या आरंभी परवानगी मिळाली. त्याच वर्षी जुलै महिन्यात, नदीकाठच्या नव्या बांधकामांमुळे ऐतिहासिक बंदराचे रूप बिघडले असे म्हणत युनेस्कोने लिव्हरपूलचे नाव जागतिक वारशाच्या यादीतून काढले. त्या बांधकामांत या मैदानाकडेही बोट होते. ऑगस्टात काम सुरू झाले. आयरिश समुद्राच्या तळाची पाच लाखांच्या आसपास घनमीटर वाळू आणून गोदी बुजविली. पन्नास कोटी पौंडांत होईल म्हटलेले काम पाऊण अब्जाच्या घरात गेले. युक्रेनमध्ये युद्ध पेटले आणि २०२२ साली रशियन प्रायोजकांशी संबंध तोडावे लागले. आतबट्ट्याच्या कारभाराची शिक्षा म्हणून २०२३-२४ च्या हंगामात संघाचे एकूण आठ गुण कापले गेले. २०२३ च्या ऑगस्टात एक कामगार या बांधकामावर अपघातात दगावला. तो स्वतःही एव्हर्टनचाच चाहता होता. उद्घाटनाची तारीख एकदा, दोनदा पुढे गेली.

स्टॅन्ली पार्कमधल्या एका बाकावर एक वृद्ध गृहस्थ भेटले. गळ्यात निळा मफलर होता म्हणून मीच विषय काढला. "आम्ही भागधारक नव्हे, संचालक नव्हे," ते म्हणाले. "पैसा त्यांचा, जमीन त्यांची, निर्णय त्यांचे. आमचे काय? तर वाट पाहणे तेवढे आमचे. माझा भाऊ प्रत्येक नव्या नकाशाचे कात्रण जपून ठेवी. ती वही आता माझ्यापाशी आहे, तो नाही." मग गुडिसनच्या दिशेने हात करून म्हणाले, "आणि वडील तिथे आहेत. गवतात. त्यांना हलवता येत नाही."

विलंबाची किंमत पौंडांत मोजणारे हिशेबनीस पुष्कळ असतात; पण त्या वहीची नोंद कोणत्या खात्यात करावयाची? घर उशिरा बांधले म्हणजे केवळ खर्च वाढत नाही; ज्यांच्यासाठी बांधावयाचे ती माणसे कमी होतात. आपल्याकडे हप्ते भरून इमारतीच्या सांगाड्याकडे पाहत बसलेल्या कुटुंबांना हे अधिक सांगावयास नको.

१८ मे २०२५ रोजी पुरुषांच्या संघाने गुडिसनचा निरोप घेतला. साउदम्प्टनला २-० असे हरविले आणि माणसे मैदानाबाहेर रडत उभी राहिली. ज्यांनी तीस वर्षे 'नवे घर कधी?' म्हणून डोके फोडून घेतले होते, त्यांनाच आता जुन्याचा उंबरठा ओलांडवेना. सुदैव असे की जुने घर पाडले गेले नाही. ते आता क्लबाच्या महिला संघाला मिळाले आहे. यात एक जुने देणे फिटले. १९२० च्या नाताळाच्या दुसऱ्या दिवशी याच मैदानावर महिलांचा सामना पाहावयास ५३,००० लोक लोटले होते. पुढल्याच वर्षी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने आपल्या क्लबांच्या मैदानांवर महिलांना बंदी केली आणि ती सुमारे पन्नास वर्षे टिकली. ज्या अंगणातून लेकींना घालवून दिले, ते अखेर लेकींच्याच नावे झाले. त्या वृद्धाच्या वडिलांना आता सोबत आहे.

नवे मैदान नदीच्या अगदी काठाशी आहे. हार्टलीची काळसर दगडी भिंत, जुने जलशक्तीचे मनोऱ्यासारखे घर, जमिनीतले रूळ हे सारे जपून ठेवले आहे आणि त्यांच्या मागे ५२,००० हून अधिक आसनांची ती चकचकीत वास्तू उभी आहे. तिच्यात लीगचा पहिला सामना झाला २४ ऑगस्ट २०२५ रोजी, म्हणजे गुडिसन उघडले त्याच तारखेला, बरोबर १३३ वर्षांनी. ब्रायटनवर २-० असा विजय मिळाला. आत खांब एकही आडवा येत नाही. ज्याला त्याला पूर्ण खेळ दिसतो.

मात्र सामना संपला की हजारो माणसे सँडहिल्स नावाच्या एका लहानशा स्टेशनाकडे एकदम निघतात. रांग लांबच लांब लागते, नदीवरचा वारा कान कापतो, आणि रांगेतला प्रत्येक जण क्लबाच्या, रेल्वेच्या आणि नगरपालिकेच्या नावाने मनसोक्त बोटे मोडत असतो. ते ऐकून मला बरे वाटले. गैरसोयींविषयी कुरकुर सुरू झाली म्हणजे बिऱ्हाड नव्या जागेत रुळू लागले, असे खुशाल समजावे.