मोबाइलमधली मुलूखगिरी

पुस्तक वाचणारं पोर गुणी आणि गेम खेळणारं पोर वाया गेलेलं, ही वाटणी मोठ्यांनी आपल्या सोयीसाठी करून ठेवली आहे. ज्यांच्यासाठी केली त्यांना ती पटते का, हे कुणी विचारत नाही. माझी भाची दहावीत आहे, आमच्या वडगाव मावळातच वाढलेली. तुझ्या आवडीचं काय काय, असं विचारल्यावर तिनं एका दमात नावं घेतली: फास्टर फेणे, माइनक्राफ्ट, हॅरी पॉटर, बीजीएमआय, ‘शाळा’, ‘राजी’. कादंबरी कुठे संपली आणि गेम कुठे सुरू झाला, याची तिला फिकीर नव्हती. वहिनीनं ऐकलं आणि सवयीनं निम्मी नावं गाळली. “पुस्तकांचं ठीक आहे,” ती म्हणाली, “बाकीचं दहावीनंतर.”

मला ती सरमिसळच खरी वाटली. नीट पाहिलं तर या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. मोठ्यांची नजर पोचत नाही असा मुलूख त्या प्रत्येकात आहे.

भा. रा. भागवतांचा बनेश फेणे फुरसुंगीहून पुण्याला विद्याभवनात शिकायला येतो. घरचे गावी राहिले, हाताशी सायकल आली आणि जीभ टाळ्याला लावून ‘ट्टॉक’ करायची सवय, एवढ्या भांडवलावर त्याचं काम सुरू होतं. हॅरी पॉटरची आगगाडी सुटते तेव्हा पालक फलाटावर मागे राहतात, आणि खरी गोष्ट त्यानंतरच रंगते. मिलिंद बोकीलांच्या ‘शाळा’तल्या (२००४) पोरांच्या वाट्याला जादू वगैरे काही येत नाही. अर्धवट बांधलेली एक इमारत येते. तिथे बसून ती जगाबद्दल जे बोलतात ते घरात किंवा वर्गात बोलताच आलं नसतं. माइनक्राफ्टमध्ये तर माणूसकाणूस नसलेली जमीनच हाती दिली जाते. खणा, रचा, राहा. पब्जीचा भारतीय अवतार असलेल्या बीजीएमआयमध्ये विमानातून एका बेटावर उडी मारायची. ‘राजी’ हा पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० साली आणलेला गेम. त्यातली डोंबाऱ्याचे खेळ करणारी मुलगी असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधायला एकटी निघते. जाऊ का, असं ती कुणालाच विचारत नाही.

पंधराव्या वर्षी पोरांना गोष्टी हव्या असतात असं आपण धरून चालतो. मला वाटतं, त्यांना मुलूख हवा असतो. गोष्ट ही तिथे पोचायची वाट. मग ती छापलेली आहे की पडद्यावर हलते आहे, हा प्रश्न त्यांच्या लेखी फार पुढचा.

या मुद्द्याचा सर्वांत भक्कम साक्षीदार आमच्या शेजारच्या गावात राहत होता. तळेगाव दाभाड्याचे गो. नी. दांडेकर. तेराव्या वर्षी शाळा सोडून स्वातंत्र्यलढ्यासाठी घराबाहेर पडलेला हा मुलगा गाडगेमहाराजांबरोबर फिरला, नर्मदेची परिक्रमा करून आला आणि किल्ल्यांच्या नादानं जन्मभर डोंगर तुडवत राहिला. आज एखाद्या मुलानं तसं केलं तर रात्रीच्या आत पोलिसांत तक्रार जाईल, आणि ती जायलाही हवी. पण त्या पळून जाण्यातून पुढे ‘पवनाकाठचा धोंडी’ आली, राजमाचीवरची ‘माचीवरला बुधा’ आली. आमच्या खोऱ्यातले कडे, ओढे आणि माणसं मराठी वाचकाच्या ओळखीची झाली ती अशी. किशोरवयीन मुलांसाठी म्हणून ‘बुधा’ लिहिलेली नाही. नायक म्हातारा, मुंबई सोडून माचीवर परतलेला, सोबतीला झाडं आणि जनावरं. तरी भाचीला ती आवडली. का, असं विचारलं तर म्हणाली, “म्हातारा आहे आत्या, पण कुणाला विचारत नाही.” समीक्षकांनी पानंच्या पानं लिहिली असतील, माझ्या मते एवढं एक वाक्य पुरे.

आता तिचा स्वतःचा मुलूख बघा. घराच्या गच्चीवर उभं राहिलं की डोंगररांगा दिसतात. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, राजमाची ही नावं तिला पाढ्यांसारखी पाठ आहेत. लोहगडावर ती गेली आहे ती शाळेच्या सहलीतून, शिट्टीच्या इशाऱ्यावर, दोघी-दोघींच्या रांगेत. एरवी शाळा, क्लास, घर. सायकल आहे, पण जुना मुंबई-पुणे रस्ता गावाला खेटून जातो आणि त्यावर कंटेनरची रांग हटत नाही, म्हणून ती जिन्याखाली उभी. आम्ही ज्या शेतांमधून आडवाटेनं नदीवर जायचो तिथे प्लॉटिंगचे दगड रोवलेत. शनिवार-रविवारी लोणावळ्याकडे जाणारी गर्दी बघून वहिनी दार आतून लावून घेते. तिच्या वयाचा मुलगा असता तर सातच्या ऐवजी साडेआठपर्यंत बाहेर राहू दिलं असतं. मुलीला ती सवलत नाही. यात वहिनीचा दोष काढावा असं काही नाही. रस्ता खरंच तसा आहे. पण मोबाइलनं मुलांचं बाहेर हिंडणं संपवलं, असं आपण म्हणतो तेव्हा क्रम उलटा लावतो. हिंडायच्या जागा आधी आटल्या. मोबाइल त्यानंतर, मोकळ्या झालेल्या जागी येऊन बसला.

बीजीएमआयमधलं एरंगेल हे बेट आठ किलोमीटर लांब आणि तितकंच रुंद. वडगावहून निघून कान्हे ओलांडून पार कामशेतच्या आसपास पोचावं, तेवढी त्याची एक बाजू. शंभर जण छत्री उघडून उतरतात, कुठे उतरायचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं. पोचिंकी नावाच्या गावात सामान चिक्कार मिळतं आणि माणूस लवकर मरतो. भाची तिथे जात नाही, नदीकाठानं जाते. तिच्या दिवसभरातला बहुधा हा एकच रस्ता असा, की जो तिनं स्वतः निवडला. माइनक्राफ्टमध्ये रात्र होते, झाडीतून राक्षस निघतात आणि ही एकटी मशाल लावून फिरते. खऱ्या वडगावात रात्री नऊनंतर ती कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा गेलेली नाही.

आणि त्या मोकळ्या जमिनीवर तिनं काय बांधावं? लोहगड. माइनक्राफ्टचा एक ठोकळा म्हणजे एक मीटर लांबी, रुंदी, उंची. विंचूकाटा तिनं सहज ओढून काढला, कारण डोंगराची ती लांबलचक सोंड खालूनही दिसते. पायऱ्या मात्र थेट वर नेल्या, देवळाला असतात तशा सरळ. मग मैत्रिणींना तिच्या जगात बोलावलं आणि हल्ला करायला सांगितलं. त्या धावत वर आल्या, गड पडला. दुसऱ्या दिवशी तिनं पायऱ्या मोडल्या आणि वाट वळवली. वळणावर एक दरवाजा, तो ओलांडला की पुन्हा वळण आणि पुन्हा दरवाजा. येणाऱ्याची पाठ दर वळणाला वरच्या तटावरून दिसावी, अशी. या वेळी मैत्रिणी दुसऱ्या दरवाजापुढे गेल्या नाहीत. मग तिनं मला विचारलं, “आत्या, गणेश दरवाजानंतर नारायण की हनुमान?” गणेश, नारायण, हनुमान आणि मग महादरवाजा, असं मी सांगितलं, नाना फडणवीसांनी १७९० ते १७९४ या काळात इथे बांधकाम करून घेतल्याचा शिलालेख तिथेच आहे, हेही सांगितलं. सहलीत ती याच वळणांवरून गेली होती. तेव्हा तिच्या लक्षात राहिली ती पाणी संपल्याची आणि पाय दुखल्याची आठवण. वाट वाकडी का, हे कळायला स्वतःचा गड एकदा पडावा लागला. २०२५च्या जुलैत लोहगड जागतिक वारशाच्या यादीत गेला, पण तिच्या लेखी तो त्याच्या आधीच वर गेला होता.

म्हणून गेम आणि पुस्तक एकच, असं मात्र मी म्हणणार नाही. गेममध्ये मुलूख आपला असतो, पण त्यात आपल्याखेरीज कुणाचं मन नसतं. समोरून गोळी झाडणाऱ्याला आज घरी काय झालं, हे तिथे कधी कळत नाही. ‘शाळा’ वाचताना भाचीला मुकुंद जोशीच्या डोक्यात जाऊन बसावं लागलं. मुलगा मुलीकडे कसं बघतो आणि बघताना किती घाबरलेला असतो, हे तिला आतून समजलं. त्याला आवडणारी शिरोडकर गाव सोडून जाते तेव्हा भाची दोन दिवस गप्प होती. गेममध्ये हरलं की नवा डाव मांडता येतो. त्या पानांवर काही परत मांडता येत नाही, कितीदा वाचलं तरी शिरोडकर जातेच. चुकलं तर पुन्हा करून बघायची सवय एकीकडून येते. काही गोष्टी हातातून जातात त्या जातातच, हे दुसरीकडून. वयात येताना दोन्ही लागतं.

दुसरा फरक मालकीचा. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारनं पब्जी मोबाइलवर बंदी घातली आणि लाखो पोरांच्या पायाखालचं बेट गेलं. २ जुलै २०२१ रोजी ते बीजीएमआय नावानं परतलं, २०२२च्या जुलैअखेर पुन्हा गायब झालं आणि २०२३च्या मे महिन्यात परत उगवलं. बंदीची कारणं बरोबर की चूक, हा वाद वेगळा. पण ज्या मुलखाची चावी दिल्लीच्या कचेरीत आणि परदेशी कंपनीच्या सर्व्हरवर असते, तिथे पोर किती दिवस राहिलं तरी भाडेकरूच. शिवाय तिथला घरमालक दर घटकेला नवा पोशाख नाहीतर नवी बंदूक विकायला दारात उभा. रोज यायलाच हवं अशी बक्षिसांची साखळीही त्यानंच घातलेली. अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीनच तास, ही मर्यादा खुद्द बीजीएमआयलाच घालावी लागली, यावरून ओढ किती हे समजावं. फुरसुंगीच्या बनेशला असं कुणी उठवू शकत नाही. माझ्या लहानपणीची प्रत पाठीतून उसवली आहे, पण भाचीनं वाचली ती तीच.

मग मराठीत या वयासाठी नवा मुलूख कोण तयार करतंय? बालभारतीचं ‘किशोर’ १९७१पासून निघतं आहे आणि उत्तम निघतं. पण ते चौदाव्या वर्षापर्यंतच्या मुलांचं. तिथून उठलेलं पोर थेट मोठ्यांच्या कादंबऱ्यांत जाऊन पडतं, किंवा इंग्रजीत जातं. मधला कप्पा फार विरळ. सामग्री नाही म्हणावं, तर वडगावइतकी सामग्री कुणाकडे आहे? १७७९च्या जानेवारीत इंग्रजांची फौज राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसवायला बोरघाट चढून आली. सोबत हजारो बैलांचा लवाजमा, म्हणून चाल गोगलगाईची. मराठ्यांनी समोरासमोर गाठायची घाई केली नाही. दाणागोटा मिळू दिला नाही, गावं ओस पाडली, वेढा आवळत आणला. तळेगावाहून रात्री मागे फिरलेली ती फौज वडगावात कोंडली गेली आणि महादजी शिंद्यांपुढे तह करून सुटली. आवळत जाणारं वर्तुळ काय असतं, हे भाचीला समजावून सांगावं लागलं नाही. बीजीएमआयचा सगळा डाव त्याच्यावरच चालतो. आणि कॅप्टन स्टुअर्ट! कार्ल्याजवळ झाडावर चढून टेहळणी करताना तोफगोळा लागून तो पडला, असं सांगतात. मराठ्यांनी त्या शत्रूला नाव दिलं इष्टूर फाकडा, आणि त्याची समाधी आमच्याच गावात आहे. शत्रूनंही ज्याच्या धाडसाला दाद दिली असं पात्र कुठल्या गेमला फुकट मिळतं? एखाद्या पंधरा वर्षांच्या मावळी पोरीच्या नजरेतून हे कुणी लिहिलं, किंवा ‘राजी’सारखं पडद्यावर आणलं, तर तिच्या आवडीत आणखी एका नावाची भर पडेल. वहिनीला ते गाळणंही जड जाईल.

ते होईल तेव्हा होवो. तोवर मोठ्यांच्या हातात असलेली गोष्ट साधी आहे, तरी करायला अवघड. मोबाइल काढून घेऊन त्या जागी पुस्तक ठेवलं की आपलं काम झालं, असं नसतं. मूळ भूक हिंडण्याची आहे. वडगावहून मळवलीपर्यंत लोकल जाते, तिथून भाजे गावावरून लोहगडाची पायवाट आहे. चार मैत्रिणी, डबे, पाणी आणि परतीचं तिकीट. आपल्याला तिकिटापेक्षा महाग पडणारी गोष्ट वेगळीच: संध्याकाळची गाडी येईपर्यंत त्यांना एकदाही फोन न करणं.