अकीकाची झिलई

गोदावरीच्या पात्रात सापडलेला अकीक दोन वर्षे टेबलावर पडून होता. बेसाल्टच्या पोकळीत थराथराने साकळलेली ही सिलिका. मोह्सच्या मापनपट्टीवर तिचे काठिण्य सुमारे ७, म्हणजे पोलादी सुरीलाही दाद न देणारे. शेवटी गॅलरीत लहानसे चाक बसवले. सिलिकॉन कार्बाइडची आधी ८० नंबरची पूड, मग २२०, मग ६००. प्रत्येक टप्पा आधीचे ओरखडे पुसतो आणि स्वतःचे, अधिक बारीक, मागे ठेवतो. घाई केली, की सीरियम ऑक्साइडच्या अखेरच्या झिलईत पहिलाच ओरखडा नेमका वर येतो.

पहिल्या दिवशी मी पाणी न सोडताच चाक फिरवले होते. संध्याकाळी खिडकीच्या काचेवर पांढुरकी धूळ दिसली आणि खंबायतचे कारागीर आठवले. पिढ्यान्‌पिढ्या अकीक घासणाऱ्या त्या वस्त्यांत याच धुळीने सिलिकोसिस होऊन माणसे गेली. फुफ्फुसाला एकदा पडलेले व्रण कोणत्याही औषधाने भरून येत नाहीत. माझा जो विरंगुळा, तो त्यांचा उदरनिर्वाह.

आता चाकावर पाण्याची धार असते, तोंडावर मास्क. अकीकात चेहरा दिसू लागला आहे. दुकानातली अकीकाची माळ मात्र पूर्वीसारखी निव्वळ सुंदर वाटत नाही.