समुद्रावरचे रूळ

माझा एक जुना स्वभावदोष आहे. पूल आला की माझे बोलणे बंद होते. मध्य रेल्वेत ३६ वर्षे कारकुनी केल्याचा तो परिणाम असावा. गाडी पुलावर चढली, चाकांचा आवाज बदलला, की कान टवकारतात आणि तोंड आपोआप मिटते. आमच्या हिचे म्हणणे असे की, माझे तोंड मिटवील अशी जगात ही एवढी एकच गोष्ट आहे. म्हणून, "या वेळी मोटारीने की वेस्टला जाऊ, वाटेत बेचाळीस पूल लागतात," असे चिरंजीवांनी सांगितले, तेव्हा सर्वांत आधी होकार आला तो हिचा.

चिरंजीव मायामीला असतात. कॉम्प्युटरवर काम करतात. ते नेमके काय, हे मला अठरा वर्षांत समजलेले नाही. आणि खरे सांगायचे तर ते समजून घ्यायचा मी प्रयत्नही केलेला नाही. तो इंजिनिअर झाला तेव्हा त्याने रेल्वेच्या इंजिनिअरांची परीक्षा द्यावी, एवढीच माझी इच्छा होती. ज्या टेबलावर मी जन्मभर फायली नेऊन ठेवल्या, त्या टेबलामागच्या खुर्चीत आपला मुलगा बसावा, असे कोणत्या कारकुनाला वाटणार नाही? फॉर्म मीच आणला, पेन्सिलीने मीच भरला. त्याने सही तेवढी करायची होती. ती न करता त्याने विमान गाठले. तो फॉर्म अजून डोंबिवलीच्या कपाटात, प्रॉव्हिडंट फंडाच्या कागदांखाली आहे. त्या विषयावर बापलेक पुन्हा कधी बोललो नाही. फोनवर आम्ही हवापाण्याचे बोलतो.

तर, गेल्या फेब्रुवारीतल्या एका सकाळी आम्ही पाचजण निघालो. फ्लॉरिडाच्या टोकाशी जमीन संपते आणि तिथून समुद्रात बेटांची माळ सुरू होते. या बेटांना 'की' म्हणतात. स्पॅनिशमध्ये लहान बेटाला 'कायो' म्हणतात, त्याचे हे रूप. यावरून गाडीत बराच घोटाळा झाला. "लार्गो की आली की मला सांग," असे ही म्हणाली, तेव्हा नातवाने यातली बेटे किती आणि मराठी किती, असा प्रश्न विचारला.

मुख्य भूमीपासून की वेस्टपर्यंत हा रस्ता ११३ मैलांचा, म्हणजे सुमारे १८० किलोमीटरचा. डावीकडे अटलांटिक महासागर, उजवीकडे मेक्सिकोचे आखात आणि मधोमध आम्ही. आधी दोन्ही बाजूंना तिवरांचे रान होते, थेट आपल्या कोकणातल्या खाडीसारखे. मग रान सरले आणि पाणी उघडे झाले. त्या पाण्याचा रंग कसा सांगावा? हिने नेमका सांगितला. "माझ्या लग्नातल्या मोरपिशी शालूसारखा, नवा असतानाचा." कडेला हिरव्या पाट्यांवर मैलांचे आकडे होते आणि ते उतरत चालले होते. इथे पत्ताही मैलावरच सांगतात. अमुक दुकान ८१व्या मैलावर, तमुक घर ५०व्या.

"बाबा," चिरंजीव गाडी चालवता चालवता म्हणाले, "हा रस्ता मुळात रेल्वे होती."

मी सावरून बसलो.

मग त्याने सारी हकीकत सांगितली. हेन्री फ्लॅगलर नावाचा एक धनाढ्य गृहस्थ होता. रॉकफेलरचा तेलाच्या धंद्यातला भागीदार. साऱ्या फ्लॉरिडाच्या किनाऱ्याने त्याने रेल्वे आणली आणि १९०५ साली, वयाच्या ७५व्या वर्षी, ती समुद्रावरून की वेस्टला न्यायला घेतली. लोक त्याला फ्लॅगलरचा खुळेपणा म्हणत. चक्रीवादळांनी कामगारांचे बळी घेतले, पण काम थांबले नाही. २२ जानेवारी १९१२ रोजी पहिली गाडी की वेस्टला पोचली. त्या गाडीत ८२ वर्षांचा फ्लॅगलर स्वतः बसला होता. पुढल्याच वर्षी तो वारला.

"आणि रेल्वे?"

"तेवीस वर्षं चालली."

८१व्या मैलाच्या पुढे, इस्लामोराडा गावी, त्याने गाडी थांबवली. रस्त्यालगत एक दगडी स्मारक आहे. वाऱ्याने वाकलेले माड आणि उसळलेला समुद्र त्यावर कोरला आहे. २ सप्टेंबर १९३५ च्या रात्री इथे भयंकर वादळ आले. पहिल्या महायुद्धातून परतलेले, पुढे बेकार झालेले शेकडो सैनिक तेव्हा रस्त्याच्या कामासाठी इथल्या छावण्यांत राहत होते. त्यांना न्यायला मायामीहून एक गाडी निघाली. तिला उशीर झाला. ती इथवर पोचली आणि समुद्र तिच्यावरून गेला. डबे वाहून गेले. रुळांवर उभे राहिले ते एकटे इंजिन. त्या वादळात चारशेहून अधिक माणसे गेली.

मी टोपी काढली. मला धनुष्कोडी आठवले.

१९७८ साली आईला रामेश्वरला नेले होते. पास रेल्वेचा, पुण्य तिचे. पांबनच्या पुलावर गाडी मुंगीच्या पावलांनी चालली होती. आईने खिडकीतून समुद्रात नाणे टाकले आणि हात जोडले. डब्यातल्या एका म्हाताऱ्या तिकीट तपासनिसाने मला हळूच सांगितले की, पलीकडे धनुष्कोडीचे स्टेशन होते. १९६४ च्या डिसेंबरातल्या वादळात प्रवाशांनी भरलेली गाडी तिथे समुद्राने नेली. हा पांबनचा पूल १९१४ सालचा, फ्लॅगलरच्या रेल्वेहून दोनच वर्षांनी धाकटा. पृथ्वीच्या दोन टोकांना माणसांनी एकच धाडस केले आणि समुद्राने दोन्हीकडे एकच जबाब दिला. फरक इतकाच की, पांबनची रेल्वे पुन्हा सुरू झाली. इथली झाली नाही. कंपनीचे दिवाळे वाजलेलेच होते. पूल आणि भराव सरकारला विकले गेले.

"हे सगळं तू कधी वाचलंस?" मी विचारले.

"तुम्ही येणार म्हणून," तो म्हणाला आणि आरसा नीट करू लागला.

मग आला सात मैलांचा पूल. चालू पूल १९८२ सालचा. लांबी अकरा किलोमीटरच्या आतबाहेर, म्हणजे बोरीबंदरहून निघून माटुंगा ओलांडावे एवढी. उजवीकडे, हाकेच्या अंतरावर, फ्लॅगलरचा जुना पूल आमच्याबरोबर चालला होता. एक शब्द न बोलता मी तो पाहत होतो. खांबामागून खांब, सारे पाण्यात पाय रोवून उभे. १९३८ साली याच खांबांवरून मोटारींचा रस्ता गेला आणि उखडलेल्या रुळांचे त्या रस्त्याला कठडे झाले. रुळांचे कठडे! माझ्या पोटात कसेसेच झाले. जन्मभर ज्यांवरून गाडी धावावी, ते असे कडेला उभे करून ठेवलेले.

त्यापुढचे बेट बाहिया होंडा. इथे आम्ही जेवायला उतरलो. हिने आणि सूनबाईंनी दशम्या सोडल्या, नातू पाण्यात गेला. आम्ही दोघे वाळूत उभे राहून जुन्या पुलाकडे पाहत होतो. तो मधोमध तोडलेला आहे. दोन्ही टोके समोरासमोर उभी. पण चमत्कारिक गोष्ट निराळीच. पुलाचा लोखंडी सांगाडा रेल्वेचा. गाडी त्याच्या पोटातून जाई. आणि रस्ता मात्र सांगाड्याच्या डोक्यावरून गेलेला!

"असं का रे? रस्ता आतून का नाही नेला?"

"आत जागा अरुंद होती, बाबा. दोन मोटारी शेजारून जाऊ शकल्या नसत्या. म्हणून वरून नेला."

मी बराच वेळ काही बोललो नाही. तोही बोलला नाही. मग मी म्हटले, "खांब मात्र चांगले घातले होते हो म्हाताऱ्याने."

"म्हणून तर वर रस्ता झाला," तो म्हणाला.

एवढेच. अठरा वर्षांचे बोलणे त्यात झाले.

पुढचा प्रवास लवकर संपला. बिग पाइन बेटावर मोठ्या कुत्र्याएवढी हरणे दिसली. ती जगात या बेटांवरच आहेत आणि एके काळी पन्नासही उरली नव्हती. रस्त्याच्या कडेने मुख्य भूमीवरून पाण्याचा नळ आला आहे आणि १९४२ पूर्वी इथले लोक छपरावरचे पावसाचे पाणी साठवून पीत, हे ऐकल्यावर हिने बाटलीतले पाणी पुरवून प्यायला सुरुवात केली. की वेस्टला इथल्या लिंबाची प्रसिद्ध पाय खाल्ली. "दुधात लिंबू पिळलं आणि फाटलं कसं नाही?" यावर हिची सूनबाईंशी दीर्घ चर्चा झाली. ताजे दूध न मिळणाऱ्या बेटावर आटवलेल्या डब्यातल्या दुधाने तो चमत्कार केला होता. लिंबाने ते फाटत नाही, घट्ट होते.

शून्य मैलाची पाटी गावातच आहे. तिथे एका बाजूला रस्ता संपल्याची पाटी आणि समोरच्या बाजूला रस्ता सुरू झाल्याची. सगळे लोक संपल्याच्या पाटीखाली फोटो काढून घेत होते. आमची ही तिकडे पाऊल टाकीना. "संपलं-बिंपलं अशा पाटीखाली लेकराबाळांना घेऊन उभी राहायची नाही मी!" शेवटी आम्ही रस्ता ओलांडून 'सुरू'च्या पाटीखाली उभे राहिलो. फोटो छान आला आहे. त्यात चिरंजीवांचा हात माझ्या खांद्यावर आहे. तो त्याने कधी ठेवला, हे मला कळले नव्हते.

परत आल्यावर कपाट आवरायला काढले. तो फॉर्म सापडला. टाकणार होतो, टाकला नाही. नातू गणिताची शिकवणी मागत असतो, म्हणून त्याच्या कोऱ्या पाठीवर मी त्याच्यासाठी आगगाडीचे एक गणित लिहिले आणि पाकिटात घातले. परवा त्याचे उत्तर आले. चुकले आहे. पण आकडेमोडीखाली त्याच्या बापाने एका ओळीत बरोबर उत्तर लिहून सही केली आहे.